कुमारी काऊन

माझ्या नातीच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली गेली तेव्हा सगळे सभागृह हसत होते. तीही हसत होती. पाटीवर जाड निळ्या अक्षरांत लिहिले होते : कुमारी काऊन.

पाटीला सुतळी होती. ती तिच्या वेणीत अडकली. व्यासपीठावरच्या एका स्वयंसेवक मुलाने ती सोडवली, मानेवर नीट बसवली आणि म्हणाला, "इकडे बघ, काऊन. फोटो." तिने मान वर केली.

घडले ते एवढेच. हे मी आधी लिहून ठेवतो, कारण त्या दुपारनंतर या प्रसंगाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक खोट्या आहेत. एक वर्तमानपत्राची आहे, एक विद्यापीठाची, एक आमच्या कारंज्याच्या बाजारातली, एक माझ्या स्वतःच्या मुलाची. मी पंचाहत्तरी ओलांडली असली तरी माझी स्मृती शाबूत आहे. जिल्हा परिषदेत माझी सारी नोकरी मसुदे लिहिण्यात गेली आणि माझ्या मसुद्यातली वेलांटी कोणा साहेबाला कधी बदलावी लागली नाही. म्हणून हे निवेदन मी प्रमाण मराठीत करीत आहे. ही भाषा मला कोणी दिलेली नाही. मी ती घेतली आहे. तेव्हा पुढे जिथे मी वऱ्हाडीत बोललो असे येईल, तिथे मला दुसरे काही येत नव्हते म्हणून बोललो, असे कोणी समजू नये.

माझी नात यशोधरा अकरावीत शिकते. विद्यापीठाचे नाव मी लिहीत नाही. नाव लिहिले की वाद त्या नावाशी होतो आणि मूळ गोष्ट सुटून जाते. आपल्याच जिल्ह्यातले एक खासगी विद्यापीठ दर उन्हाळ्यात शाळा-कनिष्ठ महाविद्यालयांतल्या मुलांना बोलावते, वसतिगृहात ठेवते, प्रयोगशाळा दाखवते, प्राध्यापकांची व्याख्याने ऐकवते. नागपूरची, पुण्याची मुले येतात. थोड्या जागा ग्रामीण भागासाठी असतात, त्यांना परीक्षा असते. यशोधरा ती परीक्षा देऊन गेली. आमच्या कारंजा तालुक्यातून या वर्षी ती एकटी. मी तिला एसटीने पोहोचवायला गेलो तेव्हा प्रवेशद्वारावर मोठा फलक होता : 'का? असे विचारायला शिका.' तिने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "आबाजी, हे तं मले येतेच."

खरेच येत होते. वऱ्हाडात 'का'ला आम्ही काऊन म्हणतो. बोलू लागल्यापासून या मुलीचा तो सर्वांत आवडता शब्द. वासरू उभ्याने काऊन झोपत नाई? संत्र्याले दोन बहार काऊन? हायवेवरच्या ट्रकमागं 'हॉर्न ओके' काऊन लिवते? माझ्याकडे उत्तरे असत, नसत. नसली तर मी तसे सांगत असे. आमच्या घरात 'माहीत नाही' म्हणण्याला लाज मानीत नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

"आबाजी, मी आज सरले प्रश्न इचारला! सगळ्याईच्या पयले!"

"कोणता?"

"तोच. कुलरचा."

कुलरचा प्रश्न आमच्या घरातला जुना. मे महिन्यात आमचा कुलर खोली अशी गार करतो की पहाटे पांघरूण शोधावे लागते. तोच कुलर, तेच पाणी, तोच पंखा. पण पावसाळा लागला की नुसता दमट वारा फेकतो. असे का, हे तिने मला विचारले होते. मला माहीत नव्हते. गोपालभाऊंना विचारले. ते आमचे बाजारातले मित्र, कुलर विकणे हाच त्यांचा धंदा. ते म्हणाले, "साहेब, पावसाळ्यात कुलर कोन घेते? मंग मी काऊन इचार करू?" म्हणून हा प्रश्न तिने जपून ठेवला होता, विद्यापीठात विचारायचा म्हणून.

"मंग? काय म्हणाले सर?"

"हासले."

"आन् उत्तर?"

"उत्तर राह्यलं, आबाजी. सर म्हणाले, 'काऊन! वा! आधी का म्हणायला शिकू या, मग विज्ञान शिकू.' सगळे लय हासले. मीबी हासली." मग म्हणाली, "सर उद्या देतीन ना ते उत्तर."

मीही म्हणालो, देतील. माझा विश्वास होता, असे नाही. तिचा होता.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी तिचे नाव गेले. जेवणाच्या रांगेत "काऊन, पुढं सरक", प्रयोगशाळेत "काऊन, ते चंचुपात्र दे", रात्री खोलीत "काऊन, दिवा घालव". हे तिने मला सुरुवातीला गंमत म्हणून सांगितले. नंतर सांगणे बंद झाले. फोन लहान होत गेले. एका संध्याकाळी ती म्हणाली, "मला बरं वाटतंय इथे." 'मला.' आमच्या घरात हा शब्द मी सोडून कोणी वापरत नाही आणि मीही तो दौत-कागदापुरता वापरतो. पोरगी दुसऱ्याच कोणाच्या तोंडाने बोलत होती. त्या दिवसापासून तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. जेवलात का, औषध घेतलं का, हे प्रश्न नव्हेत.

तिला घेऊन ये, असे मी मुलाला म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, पोरगी शिकून राह्यली, तुमाले काय झालं?" पोरगी 'मला' म्हणाली, अशी तक्रार कोणत्या कार्यालयात करतात?

मग समारोप. पालकांना निमंत्रण होते. मुलाला बँकेतून सुटी नव्हती, म्हणून मी गेलो. सभागृह वातानुकूलित होते. मला पहिल्या रांगेत बसवले, पाणी दिले, पाय दुखतात का विचारले. वागणूक सभ्य होती, हे मी मुद्दाम नोंदवतो. विज्ञानाचे ते प्राध्यापक व्यासपीठावर होते. समन्वयक बाई सूत्रसंचालन करीत होत्या. भाषणे झाली आणि मग 'गमतीच्या पदव्या' सुरू झाल्या. प्रत्येक मुलाला एक पाटी.

वर्तमानपत्राने लिहिले आहे की या पदव्या 'खेळीमेळीच्या वातावरणात' दिल्या गेल्या. त्या खेळीमेळीचा तपशील असा. नागपूरच्या एका मुलाने तीन आठवडे सतत प्रश्न विचारले होते. हुशार मुलगा, माझे त्याच्याशी भांडण नाही. त्याच्या पाटीवर होते : प्रश्नसम्राट. टाळ्या. त्याच्यानंतर दोन-तीन मुले, आणि मग माझी नात. तिने एकच प्रश्न विचारला होता. तिच्या पाटीवर : कुमारी काऊन. हशा.

'का' विचारणारा सम्राट झाला, 'काऊन' विचारणारी पाटी झाली. याहून अधिक पुरावा मला देता येत नाही, आणि लागतही नाही.

माणसाच्या गळ्यात काही अडकवून त्याला चारचौघांत उभे करणे, ही गोष्ट आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली आहे. थुंकण्यासाठी मडके, पावले पुसण्यासाठी झाडू. माझ्या घरातल्या कोणी ते पाहिले होते असे मी म्हणत नाही; मी खोटे बोलत नाही. पण माझ्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर होतो, आणि परतताना त्यांनी आईला एवढेच सांगितले होते की आता आपल्या गळ्यात कोणी काही घालणार नाही. घातलेच तर आपण घालू. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि ती पाटी माझ्यापासून चार हातांवर होती.

मी उठलो.

आता बाजारातली आवृत्ती. गोपालभाऊ त्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की मी प्राध्यापकाच्या हातातला माईक हिसकावला आणि व्यासपीठावर चढून काठी आपटली. मी त्यांना समक्ष जाऊन सांगितले, हे असत्य आहे. माझ्याकडे काठी नाहीच.

"अरे साहेब," ते म्हणाले, "नसन हिसकला तं नसन. पन सांगाचं तं हिसकला म्हनून! लोकाईले तेवढंच तं पायजे!"

"मले नाई पायजे, गोपालभाऊ."

"मंग तुमी घरी बसा. मी सांगतो."

माझ्या बाजूने बोलणारा एकमेव माणूस, तोही खोटे बोलतो. हेही माझ्या वाट्याला आले आहे.

मी माईक घेतला नाही. मी माझ्या खुर्चीजवळ उभा राहून विचारले. आवाज पुरेसा होता. शब्द हे होते :

"सर, या पोरीनं पयल्या दिवशी तुमाले एक प्रश्न इचारला होता. तो कोणता होता?"

मी हे प्रमाण मराठीत विचारू शकलो असतो. असे विचारले असते की त्या सभागृहातल्या अर्ध्या लोकांना कोश उघडावा लागला असता. मी तसे केले नाही. उभा राहताना माझ्या तोंडात तिचीच भाषा आली आणि मी ती येऊ दिली.

प्राध्यापक हसतमुख होते. म्हणाले, "काका, मुलं खूप प्रश्न विचारतात."

"तिनं एकच इचारला होता."

त्यांनी समन्वयक बाईंकडे पाहिले. बाईंनी मुलांकडे. मुलांनी एकमेकांकडे. प्रश्नसम्राटानेही मान हलवली. कोणालाच आठवत नव्हते. तीन आठवडे ज्या शब्दाने तिला हाका मारल्या, तो शब्द ज्या वाक्यात होता ते वाक्य त्या इमारतीत कोणाजवळही शिल्लक नव्हते.

मी म्हणालो, "तिचा शब्द तं बराबर याद आहे तुमाले. प्रश्न काऊन याद नाई?"

आणि सभागृह हसले.

'काऊन' म्हटले की हसायचे, एवढे त्यांना तीन आठवड्यांत पक्के शिकवले गेले होते. मी भांडत होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटले, कार्यक्रमाचाच भाग आहे. आजोबा मिश्किल आहेत. मागून एक बाई म्हणाल्या, "किती गोड!" प्राध्यापकही म्हणाले, "काका, तुमची भाषा फार गोड आहे हं. बसा ना."

गोड संत्रे असते. भाषेला उत्तर द्यावे लागते.

मी हे म्हणालो नाही. हे मला परतीच्या एसटीत, तळेगाव मागे पडल्यावर सुचले. तिथे, त्या क्षणी, मला एकही शब्द सुचला नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये नीट केली, तो माणूस तोंड उघडे ठेवून उभा होता. हे मी लपवीत नाही.

तेवढ्यात यशोधरा व्यासपीठावरून उतरून आली. गळ्यात पाटी तशीच. तिने माझे कोपर धरले आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, बसा. प्लीज."

आजोबा.

मी तिचा आबाजी आहे. सतरा वर्षे आबाजी आहे. त्या दुपारी, त्या गार सभागृहात, मी आजोबा झालो आणि बसलो. मला प्राध्यापकांनी बसवले नाही, बाईंनी नाही. मला या एका शब्दाने बसवले. मग चहापानाची घोषणा झाली.

वर्तमानपत्राने लिहिले : 'उन्हामुळे एका वयोवृद्ध पालकास अस्वस्थ वाटू लागल्याने थोडा व्यत्यय आला.' सभागृह वातानुकूलित होते, हे मी वर नोंदवले आहेच.

विद्यापीठाची आवृत्ती समन्वयक बाईंनी मला फोनवर ऐकवली. पाट्या सगळ्यांनाच होत्या. कोणाला 'झोपाळू' म्हटले, कोणाला 'खादाड'. ते रागावले नाहीत. बरोबर आहे. झोपाळू मुलाची झोप घरी गेल्यावर पूर्ण होते. खादाड मुलाला उद्या कोणी जेवताना हसणार नाही. माझ्या नातीला मात्र तोंड उघडण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो. बाई असेही म्हणाल्या, "काका, इथे कोणी कोणाची जात विचारत नाही." मी जात हा शब्द उच्चारला नव्हता. आणि विचारायची गरज आता उरली आहे कुठे? आडनाव निवड यादीत छापलेले असते. राहिलेले मागून कळते. काऊन तर आमदारही म्हणतो, व्यापारीही म्हणतो. आमदाराने म्हटले की तो मातीतला माणूस. व्यापाऱ्याने म्हटले की तो रांगडा. आमच्या मुलीने म्हटले की तिला आधी बोलायला शिकवायचे असते.

मुलाचे म्हणणे थोडक्यात सांगतो. "बाबा, तुमाले जिकडं तिकडं तेच दिसते." मी विचारले, "तेच म्हंजे काय?" तो गाडी पुसायला बाहेर गेला. पुसलेली गाडीच त्याने पुन्हा पुसली.

या सगळ्या आवृत्त्या मी खोडून काढू शकतो. काढल्याही आहेत. एक खोडता येत नाही, ती यशोधराची.

"आजोबा, मला मजा आली होती," ती म्हणते. "सगळे मला ओळखायचे. तुम्ही उगाच उठलात."

मी तिला विचारले, "कुलरच्या प्रश्नाचं उत्तर भेटलं का तुले?"

"कोणता प्रश्न?"

तिने माझी थट्टा केली नाही. तिला खरोखरच आठवत नव्हते. सम्राट नाही, प्राध्यापक नाही, आणि आता तीही नाही. ते वाक्य जगात फक्त माझ्याजवळ उरले होते.

ती पाटी तिने तिच्या कपाटाच्या दारावर चिकटवली आहे. मी रोज पाहतो. फाडावी असे रोज वाटते. हात जात नाही, कारण गळा तिचा होता. घरात ती आता 'मला' म्हणते, 'का' म्हणते, तेही क्वचित. तिची आई एकदा म्हणाली, "अवो बाई, पुण्याची पावनी कधीची आली आमच्या घरी?" पोरगी ताट सोडून उठली. त्यानंतर तिच्या बोलण्यावर घरात कोणी बोलत नाही.

आणि आता मूळ मुद्दा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच विद्यापीठात निवडक मुलांची एक पुढची तुकडी होणार आहे. यशोधराला तिथे जायचे आहे. तिची गुणवत्ता आहे. समन्वयक बाई म्हणाल्या, "निवड तर होईलच काका, पण संचालकांच्या मनात तो प्रसंग आहे. तुम्ही दोन ओळी दिलगिरीच्या पाठवल्या तर मला बोलायला सोपं जाईल. तुमचं लेखन तर चांगलं आहे म्हणे."

परवा यशोधरा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"आजोबा, द्या ना लिहून. दोनच ओळी."

"काऊन?"

मी तिला टोचायला म्हणालो नाही. माझ्या तोंडून सहज आले, जसे तिच्या तोंडून येत असे. तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिच्यावर हात उगारला. ती म्हणाली, "तुम्ही पण?" आणि गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तिला वाटते, मीही तिला त्याच नावाने हाक मारली.

माझ्याच घरात, माझ्याच तोंडी, तो शब्द शिवी झाला आहे. ज्यांनी हे केले ते सुखात आहेत. त्यांना आठवतही नाही. मी काय करावे? तिला हाक मारून समजावू? तर कोणत्या भाषेत? तिच्या भाषेत बोललो तर मी तिला हसतो आहे असे तिला वाटते. त्यांच्या भाषेत बोललो तर ते जिंकले.

मी दोन ओळी लिहिणार नाही. त्या दोन ओळींच्या ऐवजी हे लिहिले आहे. तिची जागा गेली तर माझ्यामुळे गेली असे ती म्हणेल, मुलगा म्हणेल, कदाचित आयुष्यभर म्हणतील. म्हणोत. ज्या दारातून आत जाण्यासाठी तिच्या आबाजीने आपला प्रश्न चूक होता असे लिहून द्यावे लागते, ते दार मी माझ्या सहीने उघडणार नाही. ती स्वतः उघडून गेली तर तिच्या आड येणार नाही. कपाटावरची पाटीही फाडणार नाही. ज्या दिवशी तिला ती काढावीशी वाटेल त्या दिवशी तिने काढावी. मी असेन किंवा नसेन.

पुढच्या उन्हाळ्यात समारोप होईल. मी जाईन. बोलावले तरी, न बोलावले तरी. ती व्यासपीठावर असली तरी, नसली तरी. पहिल्या रांगेत जागा मिळाली नाही तर मागे उभा राहीन. हसले तर हसू देईन, हसणे संपेपर्यंत थांबेन, आणि पुन्हा तेच विचारीन. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत नाही. कोणी कागदावर लिहून पाठवले तर मी घेणार नाही. ज्या सभागृहात तिचे हसे झाले त्याच सभागृहात, तिच्या नावाने, मोठ्याने दिले पाहिजे.

प्रश्न विसरला गेला आहे, म्हणून येथे लिहून ठेवतो. विचारणारीचे नाव यशोधरा. शब्द तिचेच. एकही बदललेला नाही, आणि कोणी बदलू नये.

"सर, मे मयन्यात कुलर एवढी थंडी हवा मारते, मंग पावसाळ्यात त्याच पान्यानं, त्याच पंख्यानं, काऊन नाई मारत?"